फ्लोमीटर आणि मॉडबस : अंकीय जोडणीचे विवेचन

कारखान्यातल्या प्रवाहमापकाचा आकडा तयार होतो एका जागी आणि कामाला येतो दुसऱ्याच जागी. मापक बसतो पंपघरात, पाइप-रॅकवर किंवा सांडपाण्याच्या नाल्याशी. त्याचा आकडा मात्र नियंत्रण कक्षातल्या पीएलसी या नियंत्रकाला, स्काडा या देखरेख-प्रणालीच्या पडद्याला आणि शेवटी पाणीपट्टीच्या हिशेबाला लागतो. या दोन टोकांमध्ये तार असते, आणि त्या तारेवरून काय व कसे बोलायचे याचे ठरलेले नियम असतात. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

अंकीय प्रोटोकॉल वापरला की आकडा बिनचूक पोहोचतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रोटोकॉल हमी देतो ती बाइट जसेच्या तसे पोहोचण्याची. त्या बाइटचा अर्थ काय, म्हणजे एकक कोणते, दशांश कुठे, संख्या ताजी की शिळी, याची हमी तो देत नाही. ती जबाबदारी जोडणी करणाऱ्यावर राहते. प्रवाहमापकाच्या बाबतीत ती अधिक जड असते, कारण तापमान किंवा दाबाचा चुकीचा आकडा पुढच्या क्षणी विरून जातो, पण प्रवाहाचा चुकीचा आकडा बेरजेत साचत राहतो. प्रस्तुत विवेचन विद्युतचुंबकीय प्रवाहमापक, म्हणजे बोलीतला मॅगमीटर, आणि आरएस-४८५ तारेवरचा मॉडबस आरटीयू या जोडीपुरते मर्यादित आहे. आपल्याकडच्या जलशुद्धीकरण केंद्रांत, साखर कारखान्यांत आणि औद्योगिक वसाहतींत ही जोडी सर्रास आढळते.

१. मापकाच्या आत काय मोजले जाते

मॅगमीटरचा पाया फॅरडेने १८३१ मध्ये मांडलेला विद्युतप्रवर्तनाचा नियम आहे. चुंबकीय क्षेत्रातून वाहक सरकला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. वाहणारे पाणीही वाहकच आहे, या विचाराने फॅरडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ थेम्स नदीत धातूचे पत्रे सोडून पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे निर्माण होणारा दाब मोजायचा प्रयत्न केला. त्या काळच्या उपकरणांनी तो साधला नाही. आजचा मॅगमीटर तेच काम स्वतःच्या कुंडलांनी तयार केलेल्या क्षेत्रात, अस्तर दिलेल्या नळीत आणि दोन इलेक्ट्रोडच्या मदतीने करतो. इलेक्ट्रोडमधला दाब हा चुंबकीय क्षेत्र, नळीचा व्यास आणि द्रवाचा सरासरी वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो.

म्हणजे मापक मूलतः एकच राशी मोजतो : वेग. वेगाला नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले की प्रवाहदर मिळतो. प्रवाहदराची काळावर बेरीज केली की एकूण आकारमान, म्हणजे टोटलायझर, मिळतो. याखेरीज पुढील आणि उलट दिशेचे स्वतंत्र टोटलायझर, नळी रिकामी असल्याची खूण, कुंडलातला बिघाड आणि अत्यल्प प्रवाह शून्य धरण्याची मर्यादा अशी बरीच माहिती मापकाकडे तयार असते.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण ठरवून घेऊ. नळीचा आतला व्यास २०० मिलिमीटर, प्रवाह ताशी १२३.४५६ घनमीटर. छेदाचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर, म्हणून वेग सेकंदाला १.०९ मीटर. हे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत, आणि या बंधनाचा उपयोग पुढे होणार आहे.

२. अंकीय जोडणीआधीचे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

पहिला मार्ग ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहाचा. शून्य प्रवाहाला ४ आणि कमाल प्रवाहाला २० असे ठरवलेले असते. तार तुटली तर ० मिळतो, म्हणून शून्य प्रवाह आणि तुटलेली तार यांत फरक करता येतो. नामूर संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीने आणखी बारकावा आणला : ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हे मोजमाप, ३.६ किंवा कमी आणि २१ किंवा जास्त म्हणजे मापकाचा बिघाड. पद्धत साधी, मजबूत आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकलेली आहे.

तिची अडचण प्रवाहमापकात जाणवते, कारण प्रवाहाचा पल्ला मोठा असतो. समजा कमाल मर्यादा ताशी ५०० घनमीटर लावली आहे. मापकातले अंकाचे विद्युतप्रवाहात रूपांतर आणि पीएलसीतले विद्युतप्रवाहाचे पुन्हा अंकात रूपांतर यांत मिळून कमाल मर्यादेच्या ०.१ टक्का त्रुटी धरली, तर ती ताशी ०.५ घनमीटर भरते. प्रवाह ताशी २५ घनमीटरवर आला की हीच त्रुटी वाचनाच्या २ टक्के होते. मापकाची अचूकता वाचनाच्या ०.५ टक्के असेल, तर त्याची स्वतःची त्रुटी फक्त ०.१२५ घनमीटर असते. म्हणजे मोजताना जेवढे चुकले त्याच्या चौपट वाटेत चुकले.

दुसरा मार्ग पल्सचा. ठरलेले आकारमान गेले की मापक एक पल्स देतो. बेरजेसाठी ही पद्धत उत्तम, कारण येथे रूपांतराची त्रुटी नाही. पण मोजणारे उपकरण बंद असताना आलेली पल्स कायमची हरवते आणि विद्युत गोंगाटामुळे जादा पल्स मोजली गेली तर ती ओळखायला मार्ग नसतो.

तिसरा मार्ग हार्टचा. १९८० च्या दशकात रोझमाउंट कंपनीने विकसित केलेल्या या पद्धतीत त्याच ४-२० च्या तारेवर अधिक-उणे ०.५ मिलिअँपिअरचा स्वरसंकेत चढवला जातो : १ साठी १२०० हर्ट्झ, ० साठी २२०० हर्ट्झ. संकेताची सरासरी शून्य असल्याने मूळ विद्युतप्रवाह बिघडत नाही. गती सेकंदाला १२०० बिट, म्हणजे सेकंदाला दोनेक वाचने. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावी : हार्टच्या उत्तरात राशीसोबत तिच्या एककाचा सांकेतिक क्रमांक आणि उपकरणाची स्थिती येते. अर्थाचा काही भाग प्रोटोकॉलच वाहून नेतो. मॉडबस तसे करत नाही.

३. मॉडबसची रचना

मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने स्वतःच्या पीएलसीसाठी तयार केला. नियम खुले आणि वापर विनाशुल्क असल्याने तो इतर उत्पादकांनीही उचलला. २००४ पासून त्याचे नियम मॉडबस ऑर्गनायझेशन ही संस्था सांभाळते. त्याचा साधेपणा हे त्याच्या प्रसाराचे कारण आहे, आणि पुढे दिसणाऱ्या अडचणींचेही.

तारेची पातळी आधी पाहू. आरएस-४८५ मध्ये दोन तारांमधल्या दाबाच्या फरकावरून बिट ओळखला जातो. दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट आला तर फरक बदलत नाही, म्हणून मोटारी आणि त्यांचा वेग बदलणारे व्हीएफडी यांच्या गर्दीतही ही पद्धत टिकते. कमी गतीला सुमारे १२०० मीटरपर्यंत आणि मूळ प्रमाणानुसार एका ओळीवर ३२ प्रमाणित भारांपर्यंत ती चालते. अटी तीन : उपकरणे फांद्या न काढता एकामागून एक एकाच माळेत जोडावीत, माळेच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांना, १२० ओहमचा रोध लावावा, आणि दोन संकेततारांसोबत सामाईक तारही न्यावी, कारण दूरच्या दोन अर्थिंगमधला दाब स्वीकारणाऱ्या चिपच्या उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या मर्यादेबाहेर गेला तर संपर्क अधूनमधून तुटतो. तारांच्या ए आणि बी या नावांबाबत उत्पादकांत एकवाक्यता नाही. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी असू शकतो. उत्तर अजिबात येत नसेल तर तारा अदलाबदल करून पाहणे ही पहिली तपासणी आहे, आणि तिने काही बिघडत नाही.

मॉडबसमध्ये बोलण्याची सुरुवात नेहमी मास्टर, म्हणजे येथे पीएलसी, करतो. मापक विचारल्याशिवाय बोलत नाही. प्रत्येक मापकाला १ ते २४७ मधला पत्ता असतो. ० हा सर्वांना उद्देशून असतो आणि त्याला कोणी उत्तर देत नाही. संदेशाची मांडणी अशी : पत्ता, कार्यसंकेत, मजकूर आणि शेवटी दोन बाइटचा सीआरसी, म्हणजे वाटेतला बिघाड ओळखण्याचा तपासणी-अंक. १ क्रमांकाच्या मापकाकडून पहिली दोन रजिस्टरे, म्हणजे १६ बिटचे कप्पे, मागवायची असतील तर षोडशमान पद्धतीत संदेश होतो : ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. यात ०३ म्हणजे होल्डिंग रजिस्टर वाचा, पुढचे दोन बाइट सुरुवातीचा पत्ता, त्यानंतरचे दोन रजिस्टरांची संख्या, आणि सी४ ०बी हा सीआरसी. आपल्या उदाहरणातला प्रवाह तेथे ठेवला असेल तर उत्तर येते : ०१ ०३ ०४ ४२ एफ६ ई९ ७९, आणि त्यामागे त्याचा सीआरसी.

सीआरसीचे बळ चांगले आहे. सलग १६ बिटपर्यंतचा कोणताही बिघाड तो हमखास पकडतो. लाखेची मोहर शाबूत आहे याचा अर्थ पत्र वाटेत कोणी फोडले नाही एवढाच. पत्रातला मजकूर खरा की खोटा, हे मोहर सांगत नाही. सीआरसीचे स्थान नेमके हेच आहे.

४. अर्थाचा करार

मॉडबसच्या दृष्टीने रजिस्टर म्हणजे १६ बिट, त्यापलीकडे काही नाही. त्या बिटांत काय भरले आहे हे उत्पादकाच्या रजिस्टर-तक्त्यात लिहिलेले असते. हा तक्ता म्हणजे मापक आणि पीएलसी यांच्यातला करार. त्याची कलमे पाच आहेत, आणि ती किती सहज मोडली जातात यापेक्षा मोडल्याचे किती सहज कळते, या क्रमाने ती तपासावीत. दिसणारी चूक चाचणीच्या दिवशीच सुधारली जाते. न दिसणारी वर्षानुवर्षे राहते.

पहिले कलम शब्दक्रमाचे. ३२ बिटची दशांश संख्या दोन रजिस्टरांत मावते. आधीचे रजिस्टर वरच्या अर्ध्याचे की खालच्या अर्ध्याचे, हे मॉडबसने ठरवलेले नाही. १२३.४५६ ही संख्या ४२एफ६ ई९७९ अशी लिहिली जाते. पीएलसीने दोन शब्द उलटे वाचले तर मिळते उणे १.८८ गुणिले १० चा २५ वा घात. असा आकडा पाहून कोणीही थांबतो. मात्र संख्या ५० सारखी असेल तर दुसरा शब्द शून्य असतो, आणि उलट्या वाचनाने मिळणारी संख्या इतकी सूक्ष्म असते की पडदा निमूट ०.० दाखवतो. म्हणून शब्दक्रमाची चाचणी पूर्णांकी, गोल संख्येवर करू नये.

दुसरे कलम पत्त्याचे. तक्त्यात ४०००१ लिहिलेले रजिस्टर संदेशात ० या पत्त्याने मागवले जाते. काही उत्पादक तक्त्यात थेट संदेशातला पत्ता देतात, काही एकाने जास्त असलेला क्रमांक. राशी दशांश संख्येत असेल आणि पत्त्यात एकाचा फरक पडला तर दोन वेगवेगळ्या राशींचे अर्धे तुकडे जोडले जातात आणि निरर्थक आकडा येतो. पण राशी १६ बिटच्या पूर्णांकात असतील तर शेजारची राशी वाचली जाते, आणि तीही पटण्यासारखी दिसू शकते. शिवाय ३०००१ पासूनची इनपुट रजिस्टरे ०४ या कार्यसंकेताने आणि ४०००१ पासूनची होल्डिंग रजिस्टरे ०३ ने वाचायची असतात. काही मापक दोन्ही संकेतांना एकच उत्तर देतात, काही नाकारतात.

तिसरे कलम दशांशस्थानाचे. अनेक मापक प्रवाह पूर्णांकात देतात आणि १० किंवा १०० ने भागायला सांगतात. दहापट चूक अनुभवी ऑपरेटरला जाणवते, नवख्याला नाही.

चौथे कलम एककाचे, आणि ते फसवे आहे. सेकंदाला लिटर आणि ताशी घनमीटर यांत ३.६ चा फरक आहे. ताशी १२३ घनमीटर आणि ताशी ४४४ घनमीटर, दोन्ही आकडे २०० मिलिमीटरच्या नळीत शक्य आहेत. त्यातच अनेक मापकांत दर्शनी पडद्याचे एकक कळफलकावरून बदलले की रजिस्टरातल्या संख्येचे एककही बदलते. जोडणीच्या दिवशी बरोबर असलेला आकडा, पुढे कोणीतरी पडद्याचे एकक बदलल्यावर, कोणताही इशारा न देता चुकतो. यावर उपाय सोपा आहे. बहुतेक मापक वेगही वेगळ्या रजिस्टरात देतात. पीएलसीने प्रवाहाला क्षेत्रफळाने भागून स्वतःचा वेग काढावा आणि मापकाच्या वेगाशी ताडावा. प्रवाह बरोबर वाचला असेल तर दोन्हीकडे १.०९ मिळेल. १२३.४५६ हे सेकंदाला लिटर समजले गेले असेल तर पीएलसीचा हिशेब ३.९३ येईल आणि विसंगती तत्क्षणी उघड होईल. एक भागाकार आणि एक तुलना, एवढ्या खर्चात चौथे कलम कायमचे पहाऱ्याखाली येते.

पाचवे कलम ताजेपणाचे. ते सर्वांत अदृश्य असल्याने त्याचा विचार सहाव्या विभागात स्वतंत्रपणे केला आहे.

५. काळाचा हिशेब

मॉडबस आरटीयूमध्ये एक अक्षर ११ बिटचे : सुरुवातीचा एक, माहितीचे आठ, पॅरिटीचा एक, शेवटचा एक. ९६०० बॉड गतीला एका अक्षराला १.१५ मिलिसेकंद लागतात. दोन संदेशांमध्ये साडेतीन अक्षरांची, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांची शांतता लागते. संदेश संपला हे या शांततेवरूनच ओळखले जाते.

दोन रजिस्टरे मागवताना प्रश्नाचे ८ आणि उत्तराचे ९ मिळून १७ बाइट जातात, म्हणजे १९.५ मिलिसेकंद. दहा सलग रजिस्टरे एकाच प्रश्नात मागवली तर ३३ बाइट, म्हणजे ३८ मिलिसेकंद. तीच दहा रजिस्टरे पाच प्रश्नांत मागवली तर निव्वळ तारेवर ९७ मिलिसेकंद जातात, आणि मापकाला उत्तर जुळवायला लागणारा वेळ पाच वेळा मोजावा लागतो. निष्कर्ष असा की हव्या असलेल्या राशी तक्त्यात जवळजवळ असतील तर मधली नको असलेली रजिस्टरेही घेऊन एकाच प्रश्नात वाचाव्यात. एका प्रश्नात १२५ रजिस्टरांपर्यंत मुभा आहे.

आता वीस मापकांची माळ घेऊ. प्रत्येकाला उत्तर जुळवायला ५० मिलिसेकंद लागतात असे धरले तर एका मापकामागे सुमारे ९६ मिलिसेकंद, आणि पूर्ण फेरीला १.९ सेकंद लागतात. यातला एक मापक बंद पडला, आणि मास्टर उत्तराची वाट एक सेकंद पाहून तीनदा प्रयत्न करत असेल, तर फेरी ४.८ सेकंदांची होते. एका मुक्या मापकाने बाकीचे एकोणीसही शिळे होतात. म्हणून बंद मापकाला प्रत्येक फेरीत न विचारता मिनिटातून एकदाच विचारण्याची सोय मास्टरमध्ये असावी.

उलट बाजूने, गती वाढवण्याचा हव्यासही निरर्थक असतो. मापकात डॅम्पिंग, म्हणजे आकड्यातले चढउतार सपाट करण्याचा काळ, ३ सेकंद लावले असेल तर सेकंदात दहा वेळा वाचून नवे काही कळत नाही. वाचनाची गती प्रक्रियेच्या गरजेवरून ठरवावी. पाणीवाटपाच्या नोंदीला दहा सेकंदही पुष्कळ. मात्र त्याच प्रवाहावर पीआयडी नियंत्रण चालवायचे असेल, तर लांब माळेवरचा मॉडबस त्यासाठी नाही. तेथे ४-२० ची स्वतंत्र जोडी ठेवावी आणि मॉडबस टोटलायझर व निदानासाठी वापरावा. दोन्ही एकत्र वापरण्यात कमीपणा नाही.

६. शांतता, नकार आणि शिळा आकडा

मापकाला विचारलेले मान्य नसेल तर तो नकार कळवतो. कार्यसंकेताचा सर्वांत वरचा बिट चढवून ०३ ऐवजी ८३ पाठवतो आणि पुढे कारण देतो : ०१ म्हणजे असा संकेत मला येत नाही, ०२ म्हणजे असा पत्ता नाही, ०३ म्हणजे दिलेली किंमत अमान्य. नकार ही चांगली बातमी आहे, कारण तार, गती, पॅरिटी आणि मापकाचा पत्ता बरोबर असल्याचा तो पुरावा असतो. पूर्ण शांतता आली तर तारेपासून तपास सुरू करावा. नकार आला तर तक्त्यापासून.

धोका तिसऱ्या स्थितीत आहे. संपर्क तुटल्यावर पीएलसीतल्या स्मृतीत शेवटचा आकडा तसाच राहतो, आणि पडदा तोच दाखवत बसतो. ४-२० मध्ये तार तुटली की आकडा आपोआप कोसळत असे. अंकीय जोडणीत तो गोठतो, आणि गोठलेला आकडा स्थिर प्रवाहासारखाच दिसतो. म्हणून प्रत्येक मापकामागे पीएलसीत एक घड्याळ ठेवावे. योग्य उत्तर आले की ते शून्य करावे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की आकड्यावर अवैध अशी खूण करावी.

याच्याही पुढची पायरी अशी की संपर्क चालू असतो, सीआरसी बरोबर असतो, पण मापकच आजारी असतो. नळी अर्धी रिकामी झाली की इलेक्ट्रोडवरचा दाब भरकटतो आणि मापक वाटेल तो प्रवाह सांगू लागतो. ही बाब त्याच्या स्थिती-रजिस्टरात नोंदलेली असते. प्रवाह वाचायचा आणि स्थिती वाचायची नाही, ही प्रत्यक्षात वारंवार दिसणारी उणीव आहे. मॉडबससाठी केलेल्या खर्चाचा निम्मा मोबदला या एका रजिस्टरात असतो. प्रवाह आणि स्थिती एकाच प्रश्नात वाचल्या तर त्या एकाच क्षणाच्या असतात. शक्य तेथे तसेच करावे.

७. टोटलायझर : बेरीज कुठे करावी

पीएलसीने दर सेकंदाला प्रवाह वाचून स्वतः बेरीज करावी, हा मोह स्वाभाविक आहे. त्यात दोन दोष आहेत. संपर्क तुटलेल्या काळातला प्रवाह मोजला जात नाही, हा पहिला आणि उघड. दुसरा अंकगणिताच्या पोटात दडलेला आहे.

३२ बिटच्या दशांश संख्येत सार्थ अंकांसाठी २४ बिट असतात. संख्या मोठी होत जाते तशी तिची सर्वांत लहान पायरीही मोठी होते. आपल्या उदाहरणात दर सेकंदाला ०.०३४२९ घनमीटर मिळवायचे आहेत. बेरीज ६५,५३६ घनमीटरच्या पुढे गेली, म्हणजे या स्थिर प्रवाहाने सुमारे तीन आठवड्यांनी, की पायरी ०.००७८ होते आणि प्रत्येक वेळी जवळच्या पायरीला गोल होऊन ०.०३१२५ च मिळवले जातात. जवळजवळ ९ टक्के पाणी हिशेबातून गळते. पुढच्या दोन टप्प्यांतही पायरी दुप्पट होत जाते, तरी मिळवणी तेवढीच राहते. ५,२४,२८८ च्या पुढे पायरी ०.०६२५ होते आणि दर सेकंदाला तेवढे मिळवले जातात. आता हिशेब ८२ टक्के जास्त धावतो. १०,४८,५७६ ला पायरी ०.१२५ होते, मिळवायची रक्कम तिच्या निम्म्याहून कमी असते, आणि टोटलायझर थांबतो. प्रवाह वाहत असतो, पडद्यावरचा दर बरोबर असतो, सीआरसी निर्दोष असतो, आणि बेरीज हलत नाही.

म्हणून बेरीज मापकातच होऊ द्यावी आणि पीएलसीने ती फक्त वाचावी. वाचतानाही ती कोणत्या रूपात मिळते ते पाहावे. ३२ बिटच्या दशांश रूपात १,६७,७७,२१६ च्या पुढे एकाएकाने मोजता येत नाही. टोटलायझर लिटरमध्ये असेल तर आपल्या प्रवाहाने ही मर्यादा सहा दिवसांच्या आत येते. घनमीटरमध्ये असेल तर साडेपंधरा वर्षांनी. शक्य असेल तर ३२ बिटचा पूर्णांक किंवा ६४ बिटची दशांश संख्या घ्यावी. ३२ बिटचा पूर्णांक लिटरमध्येही जवळजवळ चार वर्षे पुरतो. तो ४,२९,४९,६७,२९५ नंतर शून्यावर येतो, तेव्हा दोन वाचनांतला फरक काढताना या वळणाची दखल घ्यावी.

टोटलायझरचे वरचे आणि खालचे रजिस्टर एकाच प्रश्नात वाचणे अनिवार्य आहे. आधी वरचे आणि मग खालचे असे वेगवेगळे वाचले आणि दोन वाचनांच्या मध्ये खालचे रजिस्टर ६५,५३५ वरून शून्यावर आले, तर बेरीज ६५,५३६ ने मागे उडी मारल्याचे दिसते. अशी चूक क्वचित घडते, म्हणूनच सापडत नाही.

हा काटेकोरपणा केवळ शास्त्राच्या हौसेचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ उद्योगवर्गांना सांडपाण्याची सतत ऑनलाइन मोजणी करण्याचे निर्देश दिले. त्यात महाराष्ट्रातले साखर कारखाने आणि आसवन्याही येतात. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत छेडछाड न करता येणारे, दूरसंचाराची सोय असलेले अंकीय जलमापक अपेक्षित आहेत. टोटलायझरचा आकडा आता कारखान्याच्या भिंतीबाहेर जातो आणि त्यावर आकारणी व कारवाई होऊ शकते.

८. लिहिण्याचा अधिकार

मॉडबसने मापक वाचता येतो, तसा बदलताही येतो. ०६ या संकेताने एक आणि दशमान १६ ने अनेक रजिस्टरे लिहिता येतात. टोटलायझर शून्य करणे, व्यासाची किंवा कॅलिब्रेशनच्या गुणकाची नोंद बदलणे अनेक मापकांत याच मार्गाने शक्य असते. मूळ मॉडबसमध्ये ओळख पटवणे नाही, गुप्तता नाही. तारेवर बसलेला प्रत्येक मास्टर विश्वासू धरला जातो. पंपघराच्या कुलपाआड हे चालून जाई. तीच माळ गेटवेतून ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर मॉडबस टीसीपी होऊन इंटरनेटच्या दिशेने निघाली की चालत नाही. सुरक्षित मॉडबसचे नियम २०१८ मध्ये आले, पण आरएस-४८५ वरच्या मापकाला ते लागू होत नाहीत. म्हणून मापकातले लेखनबंदीचे स्विच लावून सील करावे, गेटवेत फक्त ०३ आणि ०४ यांना परवानगी द्यावी, आणि बाहेरच्या जगाला मापक थेट दाखवू नये.

९. जोडणीची पद्धत

वरील विवेचनातून कामाचा क्रम निघतो. प्रथम एकच मापक लॅपटॉपला जोडून गती, पॅरिटी आणि पत्ता निश्चित करावा. मग मापकाच्या दर्शनी पडद्यावरचा, गोल नसलेला आकडा रजिस्टरातल्या आकड्याशी ताडावा. अनेक मापकांत चाचणीसाठी कृत्रिम प्रवाह दाखवण्याची सोय असते, ती वापरावी. त्यानंतर वेगाची पडताळणी पीएलसीत कायमची बसवावी. मग तार मुद्दाम काढून पाहावी, आणि पडद्यावरचा आकडा ठरलेल्या वेळात अवैध होतो की नाही ते तपासावे. शेवटी टोटलायझरची दोन वाचने एका दिवसाच्या अंतराने मापकासमोर उभे राहून घ्यावीत आणि स्काडाच्या फरकाशी जुळवावीत. रजिस्टर-तक्ता, वापरलेला शब्दक्रम, एकक आणि मापकाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ही एका पानावर लिहून पॅनेलच्या दारात लावावी, कारण मापक बदलला जाईल तेव्हा जोडणी करणारा माणूस तेथे असेलच असे नाही.

मॉडबस जुना आहे आणि त्याच्या उणिवा सर्वांना ठाऊक आहेत. हार्ट, प्रोफिबस किंवा इथरनेट-एपीएलवर चालणारे प्रोटोकॉल यांत राशीसोबत अर्थही बऱ्याच अंशी प्रवास करतो, आणि नव्या मोठ्या प्रकल्पांनी त्यांचा विचार जरूर करावा. तरीही स्वस्त, खुल्या आणि कोणत्याही पीएलसीला कळणाऱ्या जोडणीची गरज आहे तोवर मॉडबस राहील. तो वापरणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की तारेची काळजी सीआरसी घेतो. एकक, शब्दक्रम, ताजेपणा आणि बेरीज यांची काळजी घेणारा दुसरा कोणी नाही. ती तपासणी आराखड्यात आणि चाचणीच्या अहवालात लेखी असेल तरच त्या जोडणीचा टोटलायझर बिलासाठी ग्राह्य मानावा.